पहाटेची ताठरता आणि पुरुषांचे आरोग्य

मा. संपादक,

पुरुषांच्या रक्तदाबावर भरपूर लिहिले जाते. पहाटे शिश्नाला येणाऱ्या ताठरतेबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत, मुख्यतः स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून ३ ते ५ वेळा ती येते. शिश्नाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या असल्याने मधुमेह किंवा धूम्रपानाने होणारे नुकसान पुष्कळदा आधी तिथे जाणवते. एखाद्या सकाळी ताठरता नसली तर घाबरू नये. पण ती महिनोन्महिने येईनाशी झाली, तर भिंतीवरच्या जाहिरातीतील ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे न जाता डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. छातीदुखीवर नायट्रेट गटातील औषध घेणाऱ्यांच्या तर परस्पर आणलेली ताठरतेची गोळी जिवावर बेतू शकते.

– एक वाचक