पवईच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषय बदलता आणि गळाला लावायची पेंड मळायला घेता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

गळ टाकणारी माणसं आपली जागा आणि आपला चारा सहसा कुणाला सांगत नाहीत, विचारलं तरी "काही नाही, साधी कणीक आहे" म्हणून मोकळी होतात. तुम्ही मात्र ओळख ना पाळख, आधी गळ टाकणाऱ्यांच्या असोसिएशनची मेंबरशिप काढ मगच पाण्याजवळ ये एवढं एक बजावलंत आणि मग सगळं म्हणजे सगळं सांगितलंत, शेंगदाण्याची पेंड किती भाजायची, हिंग किती, लसूण कधी, गोळा पाण्यात किती वेळ टिकला पाहिजे, आणि वर तुमचा जुना रॉड हातात दिलात तो अजून माझ्याकडेच आहे. आमचे बाबा माणगावकडचे, पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे पुराच्या पाण्याबरोबर वर चढणारे मासे धरायला जाणारे, त्यांना हे सगळं येत होतं पण मिल आणि लोकलच्या धावपळीत ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही, ते तुमच्यामुळे पोचलं.

तुम्ही रॉडच्या आधी पाणी शिकवलंत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणजे आज कोण पाहिजे ते आधी ठरवायचं आणि मग फ्लोट, म्हणजे तरंगता बोया, लावून गळ किती खोल सोडायचा ते. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, त्यामुळे पवईसारख्या 1891 साली बांधलेल्या तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावीच लागते, हेही तुमच्याकडूनच कळलं. पूर्वी हे मत्स्यबीज नद्यांमधून गोळा करून आणायचे, मग 1957 मध्ये ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन करून दाखवलं आणि चित्रच बदललं, 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याचाच. तुमचे हिमाचलमधल्या तीर्थन नदीचे किस्से तर मला पाठ झालेत, तिथली ब्राउन ट्राउट पण मूळची तिथली नाही, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेली, बर्फाच्या पाण्यात वाढणारी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जगायचीच नाही, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे गळ बंद कारण तेव्हा तिचा अंडी घालायचा सीझन. सोडलेला मासा असो नाहीतर नदीतला, त्याचा सीझन पाळायचा, हे तुम्ही कधी लेक्चर देऊन सांगितलं नाहीत, तुमच्या वागण्यात दिसायचं.

पण खरं थँक्यू आहे ते कर्जतच्या ओढ्यावरच्या खेकड्यांसाठी. लोखंडी रिंगला जाळी, मधे सुक्या बोंबलाची डोकी नाहीतर कोंबडीची आतडी घट्ट बांधायची, अंधार पडताना दगडांच्या कपारीजवळ सोडायची आणि हळूच वर घ्यायची, एवढं कुणीही दाखवलं असतं. तुम्ही प्रत्येक खेकडा उलटा करून पोट बघायला लावलंत. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी, आणि मादीच्या झडपेखाली अंडी किंवा पिल्लं असतील तर ती आहे तशी त्याच दगडाजवळ परत. आम्ही मुंबईकर बाजारात लाख (अंडी) भरलेली चिंबोरी मुद्दाम शोधून घेणारे, पण समुद्राची चिंबोरी लाखांनी अंडी देते आणि ओढ्याची मादी त्या मानाने अगदी थोडी, मोठी अंडी देते, त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात, ते समुद्रापर्यंत जात नाहीत की लांबून कुठून येत नाहीत, त्या ओढ्यातलं जे आहे ते तिथलंच. म्हणजे अशा माद्या सगळ्या उचलल्या तर पुढच्या वर्षी त्या ओढ्यात काय उरणार? टॉर्चच्या उजेडात तांदळाएवढी ती पिल्लं बघितली तेव्हा माझी मुलगी कितीतरी वेळ काही बोललीच नाही, आणि आता गावच्या पोरांना तीच पोट बघायला शिकवते, अगदी तुमच्यासारखं बोट लावून.

आणि ते एक, वर डोंगरात काळं झालं किंवा पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं की जाळी राहू दे, आधी बाहेर ये. हे मी सोबतच्या प्रत्येकाला पाण्यात उतरायच्या आधी सांगतो, इथे वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

काका, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही काठावर दिसत नाही, सगळे विचारतात. या रविवारी सकाळी गाडी घेऊन बिल्डिंगखाली येतो, पाठीची खुर्ची घेतलीय तुमच्यासाठी, उतारावर बसायची गरज नाही, वरच्या सपाट जागेवरून टाकू. पेंड मी भाजून आणतो, हिंग मात्र तुम्हीच घाला.