मशीद बंदरच्या अनोळखी भावांचे आभार

परवा धो धो पावसात आमचे बाबा घरचा रस्ता विसरले. वय ८१. सॅम्युएल स्ट्रीटवर, १७९६ साली स्थापन झालेल्या सिनेगॉगपाशी भिजत थांबले होते. (कोकणातून आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांचं हे प्रार्थनास्थळ. मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं बाबाच सांगायचे.) तुम्ही हमाल मंडळींनी त्यांना हातगाडीवर टेकवलं, स्वतःचा कोरडा गमछा डोक्याला गुंडाळला, बशीत चहा ओतून, फुंकर मारून पाजलात. तुम्हाला मराठी येत नव्हतं, बाबांना पत्ता आठवेना. तरी ‘रत्नागिरी’ एवढ्या एका शब्दावरून विचारत विचारत तुम्ही आमची चाळ गाठलीत! नावही न सांगता गेलात. मनापासून आभार, दादांनो. गमछा धुऊन ठेवलाय. न्यायला या, आई वाट बघतेय.