गुड्डी, तो काळा कोन नको

गुड्डी,

काल फोन तू कट केला असं मी घरात कोणालाच सांगितलं नाही, रेंज गेली म्हटलं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, रात्री जेवताना तेवढं म्हणाले, पोरगी रागात असली की रेंज बरोबर जाते. अन् हात धुवायला उठून गेले. फोनवर मला धड बोलता येत नाही अन् तूही ऐकून घेत नाही, म्हणून लिहून राहिली. अंगणवाडीच्या मोबाईलमध्ये पोरांची वजनं-उंच्या भरून भरून टायपिंगचा हात बसला आहे, तर एकदाच सगळं लिहून टाकते, मग मेंदीचा विषय मी काढणार नाही.

बंटीचं लग्न रविवारी, तुला सुट्टी शनिवारपासून. ठीक आहे. नोकरी आहे, हाताखाली माणसं आहेत, मी गावभर सांगत असते, त्यावरून माझं काही म्हणणं नाही. काकूची पोरगी केव्हाची येऊन बसली आहे अन् पापड खाण्याशिवाय कशालाच हात लावत नाही (हे तिला कळू देऊ नको). तू शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्सनं यवतमाळला उतरशील, तिथून गावात पोचेपर्यंत ऊन तापलेलं राहील, संध्याकाळी हळद, अन् मग रात्री म्हणे ती पार्लरवाली येईल, काळ्या मेंदीचा कोन लावून देईल, अर्ध्या तासात रंग अन् सकाळी एकदम डार्क. हे ऐकलं तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे.

मेंदीच्या पानात जो रंग असते नं तो नारिंगी-लाल, मुरला तर फार फार तपकिरी. काळा होतच नाही. अर्ध्या तासात काळा होते म्हणजे त्यात केस काळे करायच्या डायचं केमिकल घातलं राहते, पीपीडी म्हणतात. डायच्या पाकिटावर निदान बारीक अक्षरात तरी लिहिलं असते, आधी थोडंसं लावून दोन दिवस पाहा, भुवयांना लावू नका. त्या कोनावर काहीच नसते, काय घातलं ते नाही, कोणी बनवला ते नाही, उघडला की रॉकेलसारखा वास तेवढा येते.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतल्या त्या सुनेचं पाहिलं मी. लग्नाच्या दिवशी हात इतके सुंदर की बाया नवरी सोडून तिचे फोटो काढून राहिल्या होत्या. मांडव परतणीच्या वेळेला खाज सुटली अन् मग जिथं जिथं वेल काढली होती तिथं तिथं फोड, देठ, पान, कळी, सगळं जसंच्या तसं फुगून वर आलेलं, आत पाणी, अन् मधली कातडी एकदम साफ. डिझाईन बोटानं चाचपता येत होती. घरच्यांना कापसाच्या हिशोबातून वेळ नव्हता, मीच तिला घेऊन गेली दवाखान्यात. डॉक्टरनं हात पाहिला अन् पहिलं काय विचारलं तर केसाला डाय लावता का, तेव्हा काही त्रास झाला होता का. ती नाही म्हणाली. तर म्हणाले आता कधीच लावू नका, एकदा शरीरानं हे केमिकल धरलं की पुढच्या वेळी लवकर उठते अन् जास्त उठते, अन् ही ॲलर्जी जन्मभर राहते. फोड गेल्यावरही तिच्या हातावर कितीतरी दिवस तीच वेल पांढरी दिसत होती.

मग दिवाळीत तू व्हिडिओ कॉलवर गॉगल लावून बसली. घरात, रात्री. डोळे आले म्हणालीस, मी मानलं. संक्रांतीला तुझ्या डोक्याला तेल लावताना कानामागचे डाग दिसले तेव्हा कुठं तोंड उघडलं तू, की डाय लावला होता, पापण्या सुजून डोळे बंद झाले होते, कानामागून पाणी येत होतं, एकटीच रिक्षा करून गेली, इंजेक्शन घेतलं अन् सूज उतरायच्या आधी ऑफिसला. माझ्या पोरीत एवढी हिंमत आहे हे मला कळते, बाबा तर त्या रात्री झोपलेच नाहीत अन् सकाळी मला म्हणतात बघ कशी निभावून नेली. पण कळवायचं नं बाई. मी इथून काय केलं असतं, काहीच नाही, तरी कळवायचं.

तर आता समजलं का मी काहून मागे लागली? काकूची पोरगी तो कोन लावेल अन् तिला काही होणार नाही, बऱ्याच जणींना होत नाही. तुला होईल. अन् मेंदी तर रात्रभर कातडीवर राहते, डायसारखी धुऊन टाकत नाही कोणी.

छोटीच्या बाळाच्या हातावर तर मी साधी मेंदीही लावू देणार नाही, तिला आत्ताच सांगून ठेवलं. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाईमची जन्मतःच कमी राहते, त्यांना मेंदीनंही रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होते, डांबरगोळ्यांनी होते तशी. हौसेचा एक ठिपका कशाला. छोटी रुसली आहे. सगळ्याच रुसा.

तुला आठवते का वाडीच्या कुंपणाची मेंदी? विहिरीकडच्या बाजूला अजून आहे, बाबांनी तार लावली तरी ती तोडली नाही. आखाडात पहिला पाऊस झाला की कोवळी पालवी फुटायची, आजी ओटीत भरून आणायची, पाट्यावर वाटायची, कात घालायची, चहाचं पाणी, लिंबू पिळायची. पाटा पार आठ दिवस लाल राहायचा अन् त्यावर वाटलेल्या चटणीला मेंदीचा वास यायचा, बाबा कुरकुरायचे. डिझाईन-बिझाईन काही नाही, तळहातावर एक मोठा गोल, भोवती काडीनं ठिपके, बोटांना टोप्या, अन् वरून एरंडाचं पान चिंधीनं बांधायचं. तू झोपायचीच नाही. आई नाक खाजव, आई पाणी पाज, आई डास. सकाळी पान सोडलं की तळहात संत्र्याच्या सालीसारखा, अन् तू भोकाड पसरायची की रंग आलाच नाही. आजी म्हणायची, उद्या पाय माय, मंग बोल. उद्याच गडद व्हायचा. मेंदीचा रंग हवेनं मुरते, पुरता चढायला दीड-दोन दिवस घेते, अन् हेच मी तुला फोनवर सांगून राहिली होती की तुझी रेंज गेली.

तुझ्या लग्नात असा रंग चढला होता की मामी म्हणाली, जावई डोक्यावर घेऊन नाचेल हिला. जाऊ दे. हे लिहिणार नव्हती मी.

आता लिहिलंच तर ऐक. तू काळा कोन काहून म्हणते ते मला समजते. मांडवात बाया तुझा हात हातात घेतील, उलटा करून पाहतील, फिका दिसला तर एकमेकींकडं पाहतील, अन् काकू तर बोलूनच दाखवेल. बोलू दे. रंग चढते तो कातडी किती जाड, मेंदी किती ताजी, किती वेळ ठेवली त्यावर. म्हणून तळहाता-तळपायाला गडद अन् मनगटाला फिका. निंदणाच्या बायांच्या हातावर जशी चढते तशी नवरीच्या नाही चढत, अन् त्यांचे नवरे किती लाड करतात ते मी अंगणवाडीत रोज ऐकते. तुझ्या घरात जे झालं ते झालं, त्यात तुझं काही चुकलं नाही, अन् लोकांना दाखवायला हात भाजून घ्यायची तर अजिबातच गरज नाही. तू कमावते, भाडं भरते, भावाच्या मांडवाचे पैसे तू दिले, हे काकूलाही माहीत आहे म्हणून तर तिला जास्त लागते.

झालं, पुन्हा भाषण. सॉरी. मोठी झाली तू, मला कळते. पण काळा कोन नको.

मी काय केलं ते सांगते. कुंपणाची पानं फाल्गुनातच तोडून सावलीत वाळवली होती, ती मिक्सरला वाटली, मलमलच्या कपड्यानं दोनदा चाळली. बाजारात पाकीट मिळते, दुकानदार म्हणते सोजतची आहे. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत, तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे माल त्याच भागातला असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ ला मिळालं तसं. पण वरून सोजत छापलं म्हणून आतही सोजतच असेल असं काही नाही, म्हणून घरचीच बरी. तुला इथं येऊन लावायला वेळ नाही तर तिथंच लाव. बुधवारी थोडीशी मनगटावर लावून पाहा, आपलीच असली तरी. गुरुवारी सकाळी ऑफिसला जाताना लिंबाचा रस, चमचाभर साखर अन् नीलगिरीचे दोन थेंब घालून भिजव, गुठळी राहू देऊ नको, झाकून ठेव. संध्याकाळी वरून तपकिरी दिसली की झाली. डावा हात तू स्वतः कर, उजवा रूम पार्टनरला दे, तिला नक्षी जमत नसेल तर गोल अन् टोप्या काढ म्हणा, ते कोणालाही येते. सुकायला आली की लिंबू-साखरेचं पाणी कापसानं टेकव. रात्रभर ठेव, सकाळी खरवडून काढ, धुऊ नको, गोडं तेल चोळ, तव्यावर लवंगा टाकून धुरावर हात धर, अन् दुपारपर्यंत जमेल तेवढं पाणी-साबण टाळ. शुक्रवारी ऑफिसात नारिंगी हात पाहून लोक हसतील, हसू दे, शनिवारी गाडीतून उतरशील तोवर मुरते अन् रविवारी मांडवात पाहून घेऊ.

मंगळवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पार्सल देऊन राहिली. बुधवारी सकाळी वाघोलीला थांबते, ड्रायव्हरचा नंबर वेगळा पाठवते, उठशील नं? त्यात जवसाची चटणी आहे, बाबांनी कैऱ्या टाकल्या आहेत, अन् दोन हिरवट पाकिटं आहेत. ज्यावर मार्करनं मेंदी लिहिलं ती मेंदी, दुसऱ्यात धनेपूड आहे, ती हाताला लावू नको. भिजवली की फोटो टाक. अन् त्या पार्लरवालीला नाही तूच कळव, ती नव्या सूनबाईच्या माहेरची आहे, माझ्या तोंडून गेलं तर लग्नाआधीच रामायण.

आई