जुलैत घरी ये

लेस्टर, इंग्लंड, जून

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षा संपल्या की मैत्रिणींबरोबर स्पेनला जायचं ठरवते आहेस, हे बाबांकडून कळलं. अवश्य जा. पण जुलैचे थोडे दिवस घरी काढावेस, अशी माझी फार इच्छा आहे.

इथला उन्हाळा सलग येत नाही. सोमवारी अठ्ठावीस अंश, तर बुधवारी सतरा आणि पाऊस. म्हणून ‘रविवारी जाऊ’ असं म्हणत बसायचं नाही; ऊन पडलं की हातातलं काम ठेवून निघायचं. आत्ता सूर्य पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. नाशिकला मे महिन्यात आम्ही सकाळी अकरालाच दारं-खिडक्या लावून घ्यायचो. इथे कामावरून घरी आल्यावरही फिरायला चार तास हाताशी उरतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता कपडे. त्या अंगाला चिकटणाऱ्या पॉलिस्टरच्या पँट तिकडेच ठेव. तुझ्यासाठी मलमलचे सैल कुर्ते शिवून ठेवलेत. बरोबर एक पातळ स्वेटर आणि घडी होणारा रेनकोट मात्र आण. नॉरफोकच्या किनाऱ्यावर भर जुलैतही असा वारा सुटतो की कुडकुडायला होतं. ब्रॅडगेट पार्कला जाऊ तेव्हा पायभर पँट घाल आणि पायमोजे वर ओढून घे. तिथल्या हरणांमुळे नेच्यांच्या रानात गोचिडी असतात आणि त्या चावल्या तर ‘लाइम’ नावाचा आजार होऊ शकतो. हौसेने शॉर्ट्स घालायच्या तर आपल्या अंगणात घाल.

टोपी विसरू नकोस. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण कातडी भाजते. तरी रोज थोडा वेळ हात उघडे ठेवून उन्हात बस. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागतं, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या उन्हातून इथे ते जवळजवळ मिळतच नाही. गोळ्याही चालू ठेव.

आणि १९ जुलै २०२२ आठवतो ना? आपल्या शेजारच्या लिंकनशरमध्ये, कोनिंग्सबीला, ४०.३ अंश झाले होते. या देशात नोंदलेलं आजवरचं सर्वांत जास्त तापमान. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, त्यात पंखासुद्धा नाही. तेव्हा आजीची रीत उपयोगी पडली: सकाळीच उन्हाकडचे पडदे ओढायचे, खिडक्या लावायच्या, आणि रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडायचं. अंगावर तिची जुनी सुती साडी. तुझ्या खोलीला दुपारनंतर ऊन येतं, म्हणून जाड पडदे लावून घेतलेत.

स्ट्रॉबेरी खुडायला शेतावर जाऊ. दुकानातल्या फळाला ती चव नसते, आणि खुडता खुडता खाण्यातच खरी मजा. हापूस तू येईपर्यंत संपेल. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या पेटीचा आमरस काढून फ्रीझरमध्ये ठेवला आहे. येण्याची तारीख लवकर कळव, म्हणजे बाबांना रजा टाकता येईल.

तुझी,
आई