ग्रॅच्युइटीला जो नियम, तोच ईसॉपला लावावा

माननीय केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, नवी दिल्ली, यांस

सादर नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि गेली कित्येक वर्षे ऐरोली-घणसोली पट्ट्यातल्या कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांत नोकरी करतो. इथल्या नेमणूकपत्रांत पगाराच्या जोडीला ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, हा रकाना आता सर्रास दिसतो. त्याचा खर्च वह्यांत कसा दाखवला जातो, याबद्दल हे पत्र आहे.

पूर्वी सनदी लेखापाल संस्थेच्या 2005च्या मार्गदर्शक टिपणीत पळवाट होती. शेअर बाजारभावानेच देऊ केला, तर खर्च शून्य धरता येई. इंड एएस 102 हे शेअर-आधारित मोबदल्याचे भारतीय लेखा मानक आल्यावर, एप्रिल 2016पासून, मोठ्या कंपन्यांपुरती ती बुजली. मात्र व्यवस्थापनाची मर्जी संपली नाही, ती गृहीतकांत जाऊन बसली.

एका जुन्या नोकरीत मार्चअखेरीस मी ब्लॅक-शोल्सची, म्हणजे अशा हक्काचे मूल्य काढण्याच्या सूत्राची, एक्सेल शीट उघडून बसलो होतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्यामुळे भावातल्या चढउताराचा दर त्याच धंद्यातल्या सहा नोंदणीकृत कंपन्यांवरून काढला होता. साहेब पाठीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या दोघी आपल्यासारख्या नाहीत, काढून टाक." दोन ओळी पुसल्या, दर उतरला, खर्चही उतरला. ऑडिटरनी आधार मागितला, तेव्हा चार नावांची यादी दिली. यात बेकायदा काहीच नव्हते, हीच तर अडचण आहे.

फरक किती पडतो, ते पाहा. शेअरचा भाव 100 रुपये, हक्कानुसार तो घेण्याची ठरलेली किंमतही 100, हक्क वापरेपर्यंतची अपेक्षित मुदत 4 वर्षे, व्याजदर 7 टक्के आणि लाभांश नाही असे धरले, तर चढउताराचा दर 50 टक्के घेतल्यास एका हक्काचे मूल्य सुमारे 47 रुपये येते आणि 30 टक्के घेतल्यास सुमारे 35. दहा लाख हक्क दिले असतील, तर सव्वा कोटीच्या आसपास नफा केवळ एका रकान्यातून निघतो. अपेक्षित मुदत कमी धरली, तर आणखी.

आता त्याच ताळेबंदातली ग्रॅच्युइटीची टीप उघडावी. व्याजदर किंवा पगारवाढीचा अंदाज थोडा बदलला तर देणे किती बदलेल, हे तिथे इंड एएस 19नुसार आकड्यांत द्यावेच लागते. ग्रॅच्युइटीचा अंदाज दरवर्षी नव्याने होतो, चूक झाली तरी पुढे सुधारते. शेअर देऊन फेडायच्या ईसॉपचे मूल्य मात्र हक्क दिल्याच्या दिवशी गोठते. पुढे भाव कोसळून ते हक्क कोणी वापरलेच नाहीत, तरी नोकरीची ठरलेली मुदत पुरी केलेल्या कर्मचाऱ्यांपोटी नोंदलेला खर्च नफ्यात परत येत नाही. जिथे चूक दुरुस्त व्हायची सोय नाही, तिथेच असा, अंदाज बदलल्यास आकडा किती बदलेल हे दाखवणारा, संवेदनशीलतेचा तक्ता सक्तीचा नाही, हे मला उलटे वाटते.

इंड एएस 102 गृहीतके आणि चढउताराचा दर काढण्याची पद्धत सांगायला लावते, पण ती टीप बहुधा दोन ओळींत आटोपते. म्हणून विनंती अशी की, कंपनी कायद्याच्या कलम 133खालील आपल्या अधिकारात सनदी लेखापाल संस्था आणि एनएफआरए (राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण) यांच्याशी विचारविनिमय करून या मानकात तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: चढउताराचा दर आणि मुदत बदलल्यास खर्च किती बदलतो याचा तक्ता, तुलनेसाठी घेतलेल्या कंपन्यांची नावे, आणि गेल्या वर्षीच्या यादीतून कोणी वगळले असेल तर त्याचे लेखी कारण. अंदाज बांधण्याचे स्वातंत्र्य व्यवस्थापनाकडेच राहू द्यावे. त्या दोन ओळी का पुसल्या, एवढे मात्र ताळेबंदात छापून यावे.

आपला नम्र,
ठाण्यातील एक लेखापाल