अनलिमिटेड म्हणजे किती?

कळवा, ठाणे
१ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठवडा लागला. तूही आता घरून काम करणार म्हणतोस, म्हणून उशिराचं कारणच सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीत फायबर ओढू देत नाहीत. म्हणून गच्चीवर अँटेना बसवून नेट घेतलं. प्लॅनचं नाव अनलिमिटेड, पण अटींच्या बारीक अक्षरांत महिन्याला १००० जीबी. दिवसाला तेहेतीस. ऐकायला भरपूर वाटतात. पण माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. एका कार्यक्रमाचं शूटिंगच ४० जीबी असतं. ते उतरवून घ्यायचं, एडिट झालेलं परत चढवायचं, आणि दोन्ही कोट्यातच मोजलं जातं. २३ तारखेला कोटा संपला, स्पीड ५१२ केबीपीएस. शंभर एमबीपीएसला जे ४० जीबी तासाभराच्या आत उतरतात, त्याला आता सात दिवसही पुरणार नव्हते.

कोटा संपल्यावरही ५१२ च्या खाली जायचं नाही, हे ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये सांगितलं. तेव्हा ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती. २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. म्हणजे शेवटचे आठ दिवस मला जे मिळालं ते सरकारच्या लेखीही ब्रॉडबँड नाही, बिल मात्र पूर्ण. याचा मला फार राग आहे.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. लेक क्लासचं रेकॉर्डिंग बघत होती, तिच्यावर ओरडलो, "बंद कर ते, माझं काम अडलंय!" ती एक शब्द बोलली नाही, गॅलरीत जाऊन बसली. ऑफिसात होतो तेव्हा नेट त्यांचं होतं रे. आता त्यांचा खर्च माझ्या पोरीच्या वाट्यातून जातोय.

शेवटी लॅपटॉप पाठीला लावून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला ताईकडे गेलो. सगळं उतरवून निघेपर्यंत शेवटची गाडीही गेली होती. तिथेच झोपलो.

तू कनेक्शन घेण्याआधी महिन्याचा आकडा विचार, अपलोड त्यात धरतात का तेही विचार. आणि नेटचं बिल कंपनी देणार हे आधीच लिहून घे. मी इतकी वर्षं मागितलंच नव्हतं. काल मेल केलाय.

आज कोटा नव्याने सुरू झाला. सकाळी लेकीला म्हटलं, आधी तुझं रेकॉर्डिंग बघून घे, मी नंतर बसतो. आत्ता ती तेच बघतेय, म्हणून तुला लिहायला वेळ मिळाला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
कळवेकर दोस्त