टेलरकाका, तुमची शिलाई थोरोंग ला खिंड ओलांडून आली

टेलरकाका, नमस्कार.

हे तुम्हाला तुमचा नातू वाचून दाखवेल, म्हणून लिहिते. नेपाळहून आल्यापासून गावात जो तो फोटो बघतो, मुक्तिनाथचा प्रसाद मागतो. बॅगेच्या पट्ट्याचं कुणी विचारत नाही.

अन्नपूर्णा परिक्रमेला निघायच्या तोंडावर बॅगेचा उजवा पट्टा मुळातून उसवला. नागपूरच्या ज्या चकचकीत दुकानातून ती घेतली, तिथल्या पोराने ती हातातही धरली नाही. "वॉरंटीत बसत नाही मॅडम, नवीन मॉडेल दाखवू का?" विकताना मात्र 'हिमालयासाठीच बनलीये' हे याच्याच तोंडचं!

तुमच्या मशीनपुढे तेव्हा फवारणी पंपांच्या पट्ट्यांचा ढीग. कपाशीचे दिवस, माणसं खोळंबलेली. तुम्ही चष्मा कपाळावर नेलात, शिवण नखाने उचकून पाहिलीत. "कापड मजबूत हाये, धागाच कच्चा हाये." मग पंपाला वापरता तो जाड नायलॉनचा दोरा ओवून चौकोन आणि त्यात फुली मारलीत. इथवर कुणीही चांगला कारागीर करेल.

पण तुम्ही शेजारच्या किराण्यातून दहा किलो तांदळाचा कट्टा उसना आणलात, बॅगेत घातलात, बॅग स्वतःच्या पाठीवर चढवलीत आणि थेट एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलात. सदरा-पायजम्यावर ती निळी बॅग! पानठेल्यावरचे हसत होते. परत येऊन खांदा चोळत म्हणालात, "उजवीकडं वढते. सोळा लिटरचा पंप दिवसभर वाहिला का माणूस सांजच्याला याच खांद्यानं रडते." आणि झालेली शिलाई सगळी उसवून पट्टा अर्धं बोट खाली घेतलात. वर सांगितलंत, "कंबरपट्टा आवळत जाय. ओझं कमरेनं न्याचं."

काका, मनांग गावापर्यंत चढ दमादमाचा आहे. तिथे विरळ हवेची सवय व्हायला लोक मुक्काम वाढवतात. थोरोंग ला मात्र 5,416 मीटरवर, प्राणवायू आपल्या गावच्या निम्म्याच्या आसपास. नंतर वारा सुटतो म्हणून अंधारातच निघायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते, तिथे तुटका पट्टा कोण सांभाळणार? आणि खिंडीपलीकडे मुक्तिनाथकडे दीड हजार मीटरहून जास्त सलग उतार; पावलागणिक बॅग खांद्यावर आदळते. संध्याकाळी माझे दोन्ही खांदे दुखत होते, पण सारखेच दुखत होते! तेव्हा तुमची इतकी आठवण आली की डोळेच भरले.

डोंगराला फेरी मारायला चालले म्हटल्यावर घरच्यांसकट सगळ्यांनी 'काऊन?' विचारलं. तुम्ही विचारलंत, "वजन किती?"

आमचा मोटर रिवाइंडिंगवाला असाच. पाइपातून पाणी पडेपर्यंत विहिरीवरून हलत नाही. अशांच्या दुकानाला कधी पाटीही नसते, आणि पाटीवाल्यांचं तर वर लिहिलंच आहे.

शिलाईचे पन्नास घेतलेत, उसवून पुन्हा शिवल्याचे नाहीत. बाजाराच्या दिवशी प्रसाद घेऊन येते. कंबरपट्ट्याचं बक्कल आता निसटतंय, तेही आणते. पंपाचं एखादं जुनं बक्कल असलं तर बाजूला काढून ठेवा.